घरात उंदीर शिरलाय हे सुरुवातीलाच कसं ओळखायचं?

रानजाई

मंडळी, ओट्याखालचा सगळ्यात खालचा ड्रॉवर पुसायला म्हणून पूर्ण बाहेर काढला, तर मागच्या कोपऱ्यात काळपट बारीक दाणे पडलेले दिसले. अगदी थोडे आहेत. उंदीर मात्र घरात कोणीच पाहिलेला नाही. रात्री स्वयंपाकघरात खुडबुड होते असं सासूबाई म्हणतात. त्यांची खोली लागूनच आहे. आम्हाला काही ऐकू येत नाही.

बाळ रांगायला लागलंय, जे हाताला लागेल ते तोंडात घालतं. म्हणून खात्री झाल्याशिवाय औषध वगैरे टाकायचं नाही असं ठरवलंय. हे उंदराचंच आहे की पालीचं, झुरळाचं? ताजं आहे की कधीचं तरी जुनं? एखादाच शिरलाय की बिऱ्हाड थाटलंय? आणि अजून कुठे कुठे बघू? ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

पिंपळपान

रानजाई, ते दाणे अजून झाडू नका. त्यांच्याकडून बरंच काही कळणार आहे. पेस्ट कंट्रोलच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

आधी जवळून पाहा. टॉर्च लावा, शेजारी पट्टी धरा, हात लावू नका.

एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची विष्ठा. पालीचं मूत्र पातळ नसतं, पांढऱ्या घट्ट खड्याच्या रूपात विष्ठेसोबतच बाहेर पडतं, म्हणून तो पांढरा भाग. उंदराच्या लेंडीला तो कधीच नसतो. निम्म्या लोकांची धास्ती इथेच संपते.

मोठ्या झुरळाची विष्ठा सहसा दोन-तीन मि.मी.ची, टोकं बोथट आणि अंगावर उभ्या बारीक रेघा. भिंगातून बघितलं की रेघा स्पष्ट दिसतात.

माळ्यावर किंवा छपराखाली एकाच जागी ढीग दिसला तर वटवाघूळही असू शकतं. त्याची सुकलेली विष्ठा काडीने दाबली की भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमचमते तुकडे दिसतात. उंदराची सुकलेली लेंडी टणक राहते.

आता उंदीर. घरउंदराची, म्हणजे त्या छोट्या करड्या उंदराची लेंडी 3 ते 6 मि.मी., टोकं निमुळती. काळा उंदीर, जो छपरावर, पाइपांवर, माळ्यावर चढतो, त्याची साधारण 12 मि.मी., लांबट आणि टोकदार. जमिनीत आणि गटारात राहणारा तपकिरी उंदीर मोठा असतो, त्याची 18 ते 20 मि.मी., जाड आणि दोन्ही टोकांना बोथट.

घरउंदीर दिवसाला साधारण 50 ते 80 लेंड्या टाकतो. त्यामुळे एका कोपऱ्यात थोड्या दिसल्या म्हणजे तेवढ्याच असतील असं धरू नका. बाकीच्या दुसरीकडे कुठेतरी आहेत, त्या शोधल्या की त्याची वाट सापडते. उंदीर शोधत बसू नका, वाट शोधा. तो दिसणं न दिसणं नशिबाचा भाग आहे, वाट मात्र कायम तिथेच असते.

शांतसागर

फोटो टाकता आला तर टाका. पट्टी शेजारी ठेवून.

कवडसा

खुडबुडीबद्दल थोडं लिहिते. आवाज कधी येतो आणि कुठून येतो, या दोन गोष्टी सासूबाईंना नीट विचारा. उंदरांची सगळ्यात जास्त वर्दळ दिवे मालवल्यानंतर थोड्या वेळात आणि पुन्हा पहाटेच्या आधी असते. भर दुपारी वरून आवाज येत असेल तर बहुतेक वेळा पक्षी किंवा खार निघते.

आवाजाचा प्रकारही वेगळा असतो. घरउंदराचा आवाज हलका, कागद चुरगळल्यासारखा, मधेच थांबणारा. मोठा उंदीर छतावरून पळाला तर पावलं पडल्याचं कळतं. आणि कुरतडण्याचा आवाज तर एकदा ओळखलात की विसरणार नाही, एका लयीत, एकाच जागी, बराच वेळ. आपण भिंतीवर थाप मारली की बंद, थोड्या वेळाने पुन्हा सुरू. लाकूड आकुंचन पावताना किंवा पाइप तापताना होणारी टकटक अशी थाप मारून थांबत नाही.

आणि सासूबाईंचं ऐकणं हलक्यात घेऊ नका. घरात ज्याची झोप सावध असते त्यालाच हे सगळ्यात आधी कळतं, आणि त्यालाच सगळे ‘भास झाला असेल’ म्हणून गप्प करतात.

रानजाई

पिंपळपान, तुम्ही सांगितलं तसं पाहिलं. चार ते पाच मि.मी. लांब, दोन्ही टोकं निमुळती, पांढरं काहीच नाही. म्हणजे घरउंदीरच ना? रंगात मात्र फरक आहे. काही काळ्याभोर, काही राखाडी पडलेल्या.

कवडसाताई, विचारलं. रात्री दिवे बंद झाले की थोड्या वेळाने, आणि आवाज वरून नाही, ओट्याच्या बाजूने येतो.

पिंपळपान

मग बहुतेक घरउंदीरच. एक शक्यता मनात ठेवा, मोठ्या उंदराच्या पिल्लांच्या लेंड्याही लहान असतात. शोधताना लहान लेंड्यांबरोबर कुठे 12-15 मि.मी.च्याही सापडल्या तर मोठे उंदीर पिल्लांसकट आहेत असं समजा. सगळ्या एकाच मापाच्या असतील तर घरउंदीर.

रंगाचा फरक तुम्ही टिपलात ते फार कामाचं आहे. ताजी लेंडी काळी, किंचित चकाकणारी आणि मऊ असते, काडीने दाबली तर चपटी होते. एक-दोन दिवसांत ती कडक होते, चकाकी जाते आणि नंतर राखाडी पडते. (दमट जागी जुनी लेंडीही मऊ राहू शकते, म्हणून सिंकखालच्या पुराव्यावर एकट्यावर विसंबू नका.) तुमच्याकडे ताज्या आणि जुन्या दोन्ही आहेत, म्हणजे तो एकदाच भरकटून आलेला नाही, येत-जात आहे.

खात्री करायची असेल तर सगळं नीट साफ करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागा पाहा. नवीन पडल्या की उत्तर मिळालं. साफ कसं करायचं ते इथे ओंजळ यांनी सांगावं, त्यांचा तो विषय आहे.

ओंजळ

सांगते, आणि कृपया हे सगळ्यांनीच वाचा. मी सार्वजनिक आरोग्याच्या कामात आहे.

कोरड्या लेंड्या झाडूने झाडायच्या नाहीत आणि व्हॅक्यूम क्लीनरही लावायचा नाही. झाडताना उडणारी धूळ नाकातोंडात जाते. उंदरांच्या मूत्र-विष्ठेतून पसरणारे काही आजार, उदाहरणार्थ हंटाव्हायरस, असेच श्वासावाटे होतात.

आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्या, त्या वेळात तिथे थांबू नका. रबरी हातमोजे घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण करून लेंड्यांवर आणि आजूबाजूला चांगलं भिजेल इतकं फवारा आणि किमान पाच मिनिटं तसंच राहू द्या. मग कागदाने टिपून पिशवीत बांधून टाका, पुन्हा एकदा तीच जागा पुसा. हातमोजे काढण्याआधी धुवा, काढल्यावर हात साबणाने धुवा. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर, ॲसिड किंवा अमोनिया मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. बाळ त्या वेळी दुसऱ्या खोलीत हवं.

घरात कोणी गरोदर असेल तर तिने हे काम करूच नये. घरउंदरांमध्ये एलसीएमव्ही नावाचा विषाणू असू शकतो आणि तो पोटातल्या बाळाला गंभीर इजा करू शकतो.

लेप्टोस्पायरोसिस तर सगळ्यांना ऐकून माहीत असतो. तो उंदराच्या मूत्रातून येतो, पायावरच्या साध्या खरचटण्यातून, डोळ्यांतून, तोंडातून शिरतो. ओल्या जागी तो जंतू बराच काळ तग धरतो. उंदरांचा वावर असलेल्या घरात कोणाला अचानक ताप, अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं झालं तर डॉक्टरांना तापाबरोबर ‘घरात उंदीर आहेत’ हेही सांगा. लोक हे सांगतच नाहीत, लाज वाटते म्हणून. डॉक्टरांच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची माहिती असते. लक्षणं साधारण 5 ते 14 दिवसांनी दिसतात, त्यामुळे मधल्या काळात संबंध लक्षात येत नाही.

मनमौजी

एक उंदीर आहे, एवढं काय. दार उघडं ठेवलं की जाईल निघून. उगाच घाबरवू नका त्यांना.

पिंपळपान

मनमौजी, घाबरवण्याचा हेतू नाही, पण ‘एकच आहे’ हे बहुतेकदा खरं नसतं. घरउंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा ते आठ पिल्लं. व्याल्यानंतर लगेचच ती पुन्हा गाभण राहू शकते. ती पिल्लं सहा आठवड्यांची झाली की त्यांचीही वीण सुरू होऊ शकते. आज ओट्याखाली मिळालेल्या थोड्या लेंड्यांकडे दुर्लक्ष केलं तर दोन-तीन महिन्यांनी काम कितीतरी पट वाढलेलं असतं. शिवाय उबदार जागा, खायला अन्न आणि लपायला फट मिळाली की त्याने आपण होऊन जायचं काही कारणच उरत नाही.

दिवसाउजेडी उंदीर बिनधास्त फिरताना दिसायला लागला तर बऱ्याचदा तो संख्या वाढल्याचा इशारा असतो. रात्रीची खाण्याची जागा इतरांनी बळकावली की दुबळे उंदीर दिवसा बाहेर पडतात. लोक मात्र नेमके त्याच वेळी जागे होतात.

तळटीप

वाट शोधण्याबद्दल माझी भर.

उंदराची नजर अधू असते. तो मिशांनी आणि अंगाच्या केसांनी भिंत चाचपत तिच्या कडेकडेने पळतो, मोकळ्या फरशीवरून सहसा जात नाही. आणि रोज तीच वाट धरतो. अंगावरचं तेल आणि मळ त्या वाटेवर घासत राहतो, त्यामुळे भिंतीच्या खालच्या भागावर, पाइपाच्या वळणावर, भोकाच्या कडेला काळपट तेलकट पट्टा उमटतो. मोठ्या उंदरांचा पट्टा लवकर दिसतो. घरउंदराचा पुसटच असतो, भोकाच्या तोंडाशी तेवढा जाणवतो.

हा पट्टा समोरून टॉर्च मारली तर दिसत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरायची, म्हणजे प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत जातो. धुळीतली पावलं, शेपटीची रेघ, केस, तेलकट डाग, सगळं एकदम उठून दिसतं. खोलीतला दिवा बंद करूनच हे करा.

बघायच्या जागा: फ्रिजच्या मागे मोटरपाशी (उबेमुळे घरउंदराची ही फार आवडती जागा), ओव्हन आणि वॉशिंग मशीनच्या मागे, सिंकखाली जिथे पाइप भिंतीत शिरतो, ड्रॉवरच्या मागची पोकळी, कपाटाचं तळपट, फॉल्स सीलिंगच्या कडा, जिन्याखालची अडगळ, माळ्यावरची न उघडलेली खोकी. पुस्तकांच्या मागचा भागही. फाडलेला कागद, कापूस, कापडाच्या चिंध्या, सोफ्यातला स्पंज असं काही गोळा झालेलं दिसलं तर ते घरटं. हाताने उचकटू नका.

गोगलगाय

कुरतडलेल्या गोष्टींबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून अन्न नसलेल्या वस्तूही तो कुरतडतो. लाकूड, प्लास्टिक, साबण, मेणबत्ती, वायरचं आवरण. मला सगळ्यात काळजी वायरीची वाटते. आवरण गेलं की शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते आणि ते फ्रिजच्या मागे असलं तर कळतही नाही. रानजाई, सगळी उपकरणं प्लग काढून मागून तपासा. वायर सोललेली दिसली तर आधी मेन स्विच बंद.

दातांच्या खुणांवरूनही अंदाज येतो. घरउंदराच्या खुणा बारीक, एक-दोन मि.मी., ओरखड्यासारख्या. मोठ्या उंदराच्या तीन-चार मि.मी. रुंद, खोल, जोडीने. लाकडावरचा ताजा कुरतडलेला भाग फिकट असतो, जुना होत गेला की काळवंडतो.

धान्याच्या पिशवीचा तळाचा कोपरा बघा. वरून सगळं ठीक दिसतं आणि खालून बारीक भोक असतं, त्यातून दाणे गळत असतात. घरउंदीर दिवसाला तीनेक ग्रॅमच खातो, पण एका जागी बसून नाही. इथे थोडं, तिथे थोडं, असं बऱ्याच जागी तोंड लावतो. म्हणून नुकसान खाण्यापेक्षा खराब करण्याचं जास्त होतं. ज्या पिशवीला तोंड लागलंय ती सरळ टाकून द्या.

मनमौजी

ठीक, पटलं. मग मीही एक विचारतो. आमच्या तळमजल्याच्या घरात रात्री एक लांब तोंडाचा प्राणी चीं चीं करत भिंतीच्या कडेने पळतो आणि नंतर खोलीभर उग्र वास राहतो. तो कुठला उंदीर?

पिंपळपान

ती चिचुंद्री. उंदीर नव्हेच, तिचा उंदरांशी जवळचा संबंधही नाही. तोंड सोंडेसारखं लांब, डोळे अगदी बारीक, अंग मखमली आणि अंगाच्या बाजूंना गंधाच्या ग्रंथी, त्याचा तो वास. ती प्रामुख्याने किडे, झुरळं, गांडुळं खाते. कुरतडत नाही, वायरी तोडत नाही. तिच्यासाठी धान्यातलं औषध ठेवून काही उपयोग नाही. दाराखालची फट बंद करा आणि झुरळं कमी करा, तिची ये-जा आपोआप कमी होईल.

हा गोंधळ फार होतो. लोक चिचुंद्री पाहतात, उंदीर समजून विष टाकतात आणि ते विष भलतंच कोणी खातं.

उंदराच्या वासात आणि यात फरक आहे. घरउंदरांच्या मूत्राचा वास अमोनियासारखा, बंद कपाट उघडल्यावर नाकात शिरणारा, शिळा. कपाट उघडल्याबरोबरचा पहिला श्वास महत्त्वाचा, मिनिटभरात नाक त्याला सरावतं. कुजका, दिवसेंदिवस वाढणारा वास असेल तर कुठेतरी मेलेला उंदीर आहे.

गोगलगाय

तळमजला आहे तर घुशीबद्दलही सांगा ना. बाहेर मातीचे ढिगारे दिसतात आमच्याकडे, कुंड्यांच्या मागे.

पिंपळपान

बिळाच्या तोंडाशी ताज्या उकरलेल्या मातीचा ढिगारा असेल तर घूस असण्याची शक्यता जास्त. घूस खूप माती बाहेर फेकते, पायऱ्या, ओटे, कुंपणाच्या भिंती यांच्याखालची जमीन पोकळ करते, फरशी खचते. तपकिरी उंदीरही बीळ खणतो, त्याचं तोंड सहा ते नऊ सें.मी. रुंद आणि येण्याजाण्याने गुळगुळीत झालेलं असतं.

बीळ वापरात आहे का हे पाहायला त्यात चुरगळलेला कागद सैलसर कोंबून ठेवा. रात्रीतून बाहेर ढकललेला किंवा आत ओढलेला दिसला तर आत कोणीतरी राहतंय. कोळ्याचं जाळं लागलेलं बीळ बहुतेक रिकामं. बिळात काठी किंवा हात घालू नका, सोडलेल्या बिळात सापही राहतो.

रानजाई

तुम्हा सगळ्यांमुळे आज रात्री काय करायचं ते कळलंय. ओंजळताई, तुम्ही सांगितलं तसंच साफ केलं. फ्रिजमागे आडवी टॉर्च धरली, तिथे काही नाही, वायरी शाबूत. सिंकखाली मात्र पाइपाच्या कडेला लेंड्या सापडल्या, सगळ्या लहानच. आता पावलांचे ठसे कसे घ्यायचे?

तळटीप

टाल्कम पावडर. वाटेवर, भिंतीला लागून, अगदी पातळ थर चाळणीने भुरभुरवा. जाड थर टाकला तर ठसा भरून जातो. पीठ वापरू नका, ते खायलाच येतील आणि मुंग्याही. बाळाच्या हाताला लागणार नाही अशा बंद कपाटातच करा आणि सकाळी लगेच ओल्या कापडाने पुसून घ्या.

ठशात पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच. घरउंदराचा मागचा पाय दोन सें.मी.च्या आत, मोठ्या उंदराचा तीन-चार सें.मी. मधून शेपटीची बारीक रेघ दिसू शकते. ठसे कोणत्या दिशेने गेले ते पाहा, एक टोक अन्नाकडे असतं आणि दुसरं बहुतेक वेळा भोकाकडे.

अतिनील टॉर्चने मूत्र चमकतं असंही वाचाल. चमकतं, पण साबणाचे आणि डिटर्जंटचे डागही तसेच चमकतात. सिंकखाली तर हमखास फसगत होते. पावडरच बरी.

शांतसागर

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर त्याच्याकडेही लक्ष द्या. आमची मांजर एका कपाटाच्या पायापाशी बसून तासन् तास एकाच फटीकडे बघत होती. तिथेच निघालं.

रानजाई

ठसे मिळाले! बारीक, चार बोटांचे आणि पाच बोटांचे, सिंकच्या पाइपापासून ड्रॉवरच्या मागे गेलेले आणि परत आलेले. पाइप भिंतीत शिरतो तिथे चकती लावलेली आहे. ती सरकवली तर मागे सिमेंटचा तुकडा निघालेला आणि भोवती फट. चकतीमुळे ते इतके दिवस झाकलेलं होतं. सासूबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या, आता तरी पटलं ना.

पण फट इतकी अरुंद आहे की त्यातून उंदीर कसा येईल असं वाटतंय.

पिंपळपान

येतो. घरउंदराला सहा मि.मी. फट पुरते. साधी पेन्सिल आत जात असेल तर तोही जाऊ शकतो. मोठ्या उंदराला साधारण दोन सें.मी., त्याच्या पिल्लांना त्याहून कमी. त्यामुळे माप घेताना आपल्या डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, पेन्सिल घेऊन घरभर फिरा. दाराखालची फट, एसीच्या पाइपाचं भोक, वायरींचं भोक, खिडकीच्या जाळीचा कोपरा, एक्झॉस्ट पंख्याची चौकट, मोरीची जाळी.

फट बुजवताना नुसता फोम भरू नका, तो कुरतडून पुन्हा वाट करतात. स्टील वूल किंवा बारीक धातूची जाळी घट्ट ठासून वरून सिमेंट किंवा सीलंट. मोठ्या भोकाला सहा मि.मी.हून बारीक डोळ्यांची मजबूत जाळी.

फट बुजवा, आणि त्याच वेळी आत पिंजरेही लावा, कारण आत राहिलेले असतील तर ते आता अडकलेत. पिंजरा भिंतीला लागून, वाटेवरच ठेवायचा. घरउंदीर चौकस असतो, नवीन वस्तूकडे लवकर येतो. मोठा उंदीर मात्र नवीन वस्तूला बिचकतो, काही दिवस जवळच फिरकत नाही. त्याच्यासाठी पिंजरा आमिष घालून पण न लावता तसाच ठेवतात, तो सरावला की मग लावतात. म्हणून तर आधी कोणता उंदीर आहे हे ओळखायचं. लहानासाठी मोठा पिंजरा आणला तर तो गजांतून निघून जातो.

मनमौजी

ते प्लगमध्ये लावायचं अल्ट्रासॉनिक यंत्र?

पिंपळपान

मी सुचवत नाही. तो आवाज भिंतीतून आणि फर्निचरमधून पलीकडे जात नाही आणि उंदीर त्याला सरावतात. ओट्याखालच्या उंदराला खोलीच्या मधल्या यंत्राने काही फरक पडत नाही.

ओंजळ

विषाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण रांगतं बाळ आहे. रक्त गोठू न देणारी औषधं खाल्ली की उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस जातात, आणि तो भिंतीच्या आत किंवा ड्रॉवरच्या मागे जाऊन मरतो. मेलेला किंवा मरायला टेकलेला उंदीर खाऊन मांजरं, घुबडंही विषबाधेने मरतात. यलो फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नका, त्यावर उतारा नाही, माणसाचं यकृत निकामी होतं. बाळाने किंवा कोणीही कुठलंही उंदराचं औषध तोंडात घातल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता पाकीट सोबत घेऊन इस्पितळ गाठा.

आणखी एक लक्षण इथे नोंदवून ठेवते, रोज उपयोगी पडेल असं नाही. कोणीही औषध न टाकता घरात किंवा आवारात एकापाठोपाठ उंदीर मरून पडायला लागले तर त्यांना हात न लावता स्थानिक आरोग्य विभागाला कळवा. प्लेगमध्ये माणसांच्या आधी उंदीर मरतात. मेलेल्या उंदराचं अंग थंड पडलं की पिसवा त्याला सोडून दुसरा आसरा शोधतात आणि माणसाला चावतात. पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून पिसवांचा हा दुवा दाखवला. आज प्लेग दुर्मीळ आहे आणि औषधं आहेत, पण वेळेवर कळवणं तेव्हाइतकंच महत्त्वाचं आहे.

कवडसा

पिंपळपान, एक शेवटचं. आम्ही इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. आमच्या घरात काही नाही, पण खालच्यांकडे घरउंदीर सापडलेत. आम्ही कुठे बघावं?

पिंपळपान

सगळ्या मजल्यांतून जाणारा पाइपांचा डक्ट पाहा. घरउंदीर खडबडीत भिंत आणि पाइप धरून सहज वर येतो, मोठा काळा उंदीर तर त्याहूनही. तुमच्या बाथरूममध्ये आणि सिंकखाली पाइप भिंतीतून जिथे येतात ती प्रत्येक चकती सरकवून मागे पेन्सिल लावा. डक्टकडे उघडणाऱ्या खिडकीच्या कठड्यावर धुळीत पावलं किंवा लेंड्या आहेत का पाहा, तिथे सहसा कोणी पुसत नाही म्हणून खुणा टिकतात.

खालच्यांनी फटी बुजवल्या की डक्टमधले उंदीर दुसरी उघडी फट शोधतात, ती तुमच्याकडे असू शकते. म्हणून त्या डक्टवर जेवढी घरं आहेत त्यांनी एकाच आठवड्यात फटी बुजवल्या पाहिजेत, आणि डक्टच्या तळाशी कचरा, गळका पाइप असेल तर तो आधी. शेजाऱ्यांशी बोलताना ‘तुमच्याकडे उंदीर आहेत का’ असं विचारू नका, कोणी हो म्हणत नाही. ‘आमच्याकडच्या पाइपाशी फट निघाली, तुमचीही बघून घ्या’ असं सांगा. लोक बघतात.